आटणारं प्लास्टिक आणि बावीस मावळे

दिवाळी होऊन गेली, किल्लाही मोडला, तरी जिन्यात कुणी ना कुणी थांबवून विचारतंच, "ते मावळ्यांचं प्लास्टिक कुठे मिळालं हो?" "ऑनलाइन मागवलं" हे उत्तर खोटं नाही, पण त्यात माझे सहा आठवडे येत नाहीत. आणि तेवढ्यावर कुणी मागवायला गेलं तर माझ्यासारखंच फसेल. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

रविवार, ८ सप्टेंबर २०२४, गणपतीचा दुसरा दिवस. मंडपात आरती झाल्यावर पोरांची दिवाळीच्या किल्ल्याची बैठक बसली. यंदा राजगड करायचा, बालेकिल्ला आणि तिन्ही माच्यांसकट, हे पाच मिनिटांत ठरलं. घोडं अडलं मावळ्यांवर. बाजारातले मावळे नकोत, कारण सगळ्यांचा चेहरा एकच आणि सगळ्यांना मिशा. "आपल्यात कुणाला तरी मिशी आहे का?" असा माझ्या लेकीचा मुद्दा. प्रत्येकाने स्वतःचं चित्र काढायचं आणि तोच आपला मावळा. पण कागदाचा मावळा अळिवाला पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी आडवा. तेव्हा लेकीला आठवलं की योकोहामाच्या आत्याने दोन वर्षांपूर्वी एक कीचेन पाठवलं होतं. आत्याच्या मुलाने तळहाताएवढ्या प्लास्टिकवर मांजर काढलं आणि भट्टीत घातल्यावर ते बोराएवढं, जाड आणि टणक झालं. सगळ्या पोरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी बोलून गेले, "आणते मी." बावीस पोरं साक्षीदार.

मी एका सहकारी बँकेत काम करते, त्यामुळे १४ सप्टेंबरचा दुसरा शनिवार मोकळा होता. गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या पेठांत जाऊ नये हे माहीत असूनही बोहरी आळी गाठली. पॅकिंगच्या दुकानात "श्रिंक शीट" म्हटल्यावर मालकांनी क्षणाचाही विचार न करता विचारलं, "रोल की पाऊच? मायक्रॉन किती?" इतक्या आत्मविश्वासाने विचारल्यावर आपलंच ज्ञान कमी असं वाटतं. १८० रुपये देऊन अर्धा किलो रोल घेऊन आले. घरी हेअर ड्रायर मारला, तर ते दुधावरच्या सायीसारखं गोळा झालं. ते होतं पीव्हीसीचं, डबे-बाटल्यांवर घट्ट बसवायचं वेष्टन. इथे एक सांगते : हा प्रकार ओव्हनमध्ये चुकूनही घालू नका. पीव्हीसी जास्त तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. मी ड्रायरवर थांबले ते केवळ नशीब.

बोहरी आळीतच इलेक्ट्रिकच्या दुकानात "हीट श्रिंक" म्हटल्यावर वायरवर चढवायची काळी नळी पुढे आली. अप्पा बळवंत चौकात ओएचपीच्या, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, पारदर्शक शीट मिळाल्या, १० रुपयाला एक. दुकानातला मुलगा म्हणाला, "तापवून बघा की, काहीतरी होईलच." झालं. लाटा आल्या, आकार तेवढाच राहिला.

त्या रात्री नवऱ्याने, जो अशा वेळी आधी हसतो आणि मग मदत करतो, थोडं वाचून काढलं. लागतं ते पॉलिस्टायरीन. म्हणजे थर्मोकोल ज्याचा होतो तेच, फक्त न फुगवलेलं. कारखान्यात ही शीट गरम असताना लांबीला आणि रुंदीला, दोन्हीकडून ताणतात आणि ताणलेली असतानाच गार करतात. आतले लांबलचक रेणू तसेच ताठून बसतात. साधारण १०० अंशांच्या पुढे तापवलं की त्यांची बैठक सुटते, ते पुन्हा गुंडाळतात आणि शीट आटते. कोऱ्या मांजरपाटाचं पहिल्या धुण्यात होतं तसंच काहीसं. वजन तेवढंच राहतं, म्हणून लांबी-रुंदीत गेलेलं सगळं जाडीत येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या दोन बायकांनी १९७३ मध्ये स्काउटच्या पोरांसाठी हा उद्योग केला आणि पुढे त्याचं खेळणं झालं, असंही त्याने वाचून दाखवलं. पोरांसाठी आयांनी रात्री जागायचं हे तिकडेही आहे तर.

म्हणजे घरातल्या प्लास्टिकवर त्रिकोणात ६ आकडा शोधायचा, तो पॉलिस्टायरीनचा क्रमांक. पुढचा आठवडा मी घरातला प्रत्येक डबा उलटा करून बघत होते. केकच्या डब्याचं झाकण १, श्रीखंडाचा डबा ५, औषधाची बाटली २. सहा कुठेच नाही. लेकीने शाळेतल्या मैत्रिणींच्या घरचे डबेसुद्धा तपासले. मग लक्षात आलं की सहा नंबरच्या वस्तू, म्हणजे कप, प्लेटा, थर्मोकोलचे वाडगे, यांवर महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या कप-प्लेटा बंद झाल्या. परदेशातले व्हिडिओ "बेकरीच्या डब्याचं झाकण घ्या" म्हणतात ते तिकडच्या झाकणांबद्दल. आपल्याकडची झाकणं बहुतेक १ नंबरची. तीही मी तापवून पाहिली. पांढुरकी झाली आणि चुरगळली.

या आठवड्यात एक पद्धत मात्र हाताला लागली, आणि या लेखातलं एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. कुठल्याही नव्या प्लास्टिकचा (पीव्हीसी सोडून) आधी बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापायचा, एका कडेवर मार्करने बाण काढायचा, तापवायचा आणि दोन्ही बाजू मोजायच्या. जुन्या सीडीचं कव्हर पॉलिस्टायरीनचंच असतं, पण ते साच्यात ओतलेलं, ताणलेलं नाही. ते नुसतं मऊ पडून वाकडं झालं. फोटोफ्रेमवाल्याकडे काचेऐवजी लावतात ती पॉलिस्टायरीनची शीट ६० रुपयांना आणली. तिचा चौकोन बाणाच्या दिशेने ७ सेंटिमीटर झाला आणि आडवा तेवढाच राहिला. तिच्यावर काढलेला मावळा बुटका आणि रुंद, थेट गल्लीतल्या पैलवानासारखा निघाला असता. तेव्हा नुसता सहा आकडा पुरत नाही, दोन्हीकडून ताणलेलं असावं लागतं.

२३ सप्टेंबरला ऑनलाइन शोधलं. "श्रिंक प्लास्टिक शीट", "श्रिंकल पेपर", "श्रिंक आर्ट" अशी तीन-चार नावं आहेत, सगळी घालून बघा. ३४९ रुपयांचा एक संच मागवला, चित्रात ए-फोर आकाराच्या दहा शीट. २७ ला पुडकं आलं, आत पोस्टकार्डाएवढे सहा तुकडे आणि बाकी कड्या, साखळ्या, रंगीत पेन्सिली. वर्णनात खाली बारीक अक्षरात आकार दिला होता, मी वाचला नव्हता. परत पाठवायला फोटो, मग "कारण निवडा", मग दोनदा ठरलेली आणि दोनदा न आलेली पिकअप. पैसे खात्यात यायला अकरा दिवस लागले. पुडकं उघडताना व्हिडिओ करा, पुढचं भांडण निम्मं होतं.

२८ सप्टेंबरला, म्हणजे चौथ्या शनिवारी, दोन गोष्टी केल्या. एक, आमच्या रद्दीवाल्या काकांना गाठलं. ते हसले. "सहा नंबर? ताई, आता कुठला! आधी ढिगाने यायचा, तेव्हा कुणी विचारत नव्हतं." तरी मी फोन नंबर लिहून दिला. दोन, नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "वहिनी, इथे ११० येनला पाकीट मिळतं, पुराबान म्हणतात, कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. आधी का नाही सांगितलंस?" ३० तारखेला तिने सहा पाकिटं कुरिअरने पाठवलीसुद्धा. आणि प्रेमाने वर लिहिलं : गिफ्ट.

इथे आमचं चुकलं. २०१९ च्या डिसेंबरपासून परदेशातून पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून करमुक्त वस्तू मागवता येत नाहीत. सूट फक्त राखीला आणि जीवरक्षक औषधांना. पूर्ण शुल्क भरलं तर भेट येऊ शकते. ४ ऑक्टोबरला कुरिअर कंपनीचा मेसेज आला की पार्सल मुंबईत थांबलं आहे, केवायसी भरा. आधार दोन्ही बाजूंनी, पीडीएफ, ठरावीक आकाराच्या आत. आमच्या वतीने कस्टम्सचं काम करायला त्यांना परवानगी देणारं सहीचं पत्र. खरेदीची पावती. नणंदेने पाठवलेली पावती अर्थातच जपानीत होती, तिने शेजारी इंग्रजीत वस्तू आणि किंमत लिहून पुन्हा फोटो पाठवला. ७ तारखेला सगळं परत. कारण : पार्सलवर माझं माहेरचं लाडाचं नाव होतं, आधारवर लग्नानंतरचं पूर्ण नाव. गेली नऊ वर्षं मी काउंटरवर बसून ह्याच कारणाने लोकांचे अर्ज परत करते आहे. त्या दिवशी बँकेत एका आजोबांना "नाव जुळत नाही" म्हणताना मला जरा थांबावंच लागलं.

मग नणंदेकडून एका ओळीचं पत्र मागवलं की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, आणि मी वस्तूचं वर्णन नीट लिहिलं : मुलांच्या हस्तकलेसाठी पॉलिस्टायरीनच्या कोऱ्या शीट, विक्रीसाठी नाहीत. "क्राफ्ट आयटम" असं मोघम लिहिलं की प्रश्न वाढतात. काय, कशाचं, किती, कशासाठी एवढं लिहायचं. ९ ला कागद मंजूर, १५ ला शुल्क आणि कंपनीची फी धरून १,१४० रुपये भरले, १८ ला पार्सल दारात. सहा पाकिटांची मूळ किंमत त्या दिवसाच्या भावाने चारशे रुपयांच्या आत होती. हा मार्ग कुणाला सुचवणार नाही. कुणी तिकडून येणारं असेल तर सामानात दोन पाकिटं आणायला सांगा, विषय संपला.

मधल्या काळात धीर सुटून ५ ऑक्टोबरला दुसऱ्या विक्रेत्याकडून ए-फोरच्या दहा शीट मागवल्या होत्या, ५२० रुपये आणि घरपोच करायचे ६०. या वेळी आकार, जाडी, "एक बाजू खरखरीत" हे सगळं विचारून घेतलं. १० तारखेला आल्या. त्यामुळे पहिला खरा प्रयोग दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला झाला. आपट्याची पानं वाटून झाल्यावर मी ओटीजी, म्हणजे आमचा छोटा विजेचा ओव्हन, १६० अंशांवर तापत ठेवला.

१० बाय १० चा चौकोन आत गेला. अर्ध्या मिनिटाने कडा उचलल्या, मग तो निखाऱ्यावरच्या उडदाच्या पापडासारखा वळला, दोन टोकं जवळजवळ भेटली. नवरा म्हणाला गेलं कामातून. पण हात लावायचा नसतो. आणखी अर्ध्या मिनिटात तो आपणहून उलगडला आणि सपाट झाला. बाहेर काढून मोजला, दोन्हीकडून ४.२. जाडी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. लेक स्वयंपाकघरात नाचली. खरं सांगायचं तर माझाही पाय हलला.

दुसरा तुकडा मी घाईत २०० अंशांवर टाकला आणि त्यावर बुडबुडे आले, वासही सुटला. जास्त तापलं की पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनची वाफ येते, तेव्हा खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू आणि पोरं बाहेरच्या खोलीत. ओटीजीचा एक जुना ट्रे या कामाला कायमचा काढून ठेवला, त्यावर आता नानकटाई होणार नाही. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे जमत नाही, त्यात शीट तापतच नाही. कन्व्हेक्शन असेल तर चालेल.

शेजारच्या काकूंनी विचारलं, तव्यावर होईल का? करून पाहिलं. खालून आटतं, वरून नाही, आणि मावळ्याला कुबड येतं.

२० ऑक्टोबरच्या रविवारी पोरांनी चित्रं काढली. आदल्याच दिवशी त्यांनी विटा, पोती आणि लाल माती आणून राजगडाचा सांगाडा उभा केला होता आणि अळीव पेरलं होतं. ए-फोरचे चार भाग केले की एकेक चित्र साधारण पावणेपंधरा सेंटिमीटर उंच बसतं, आटून सहाच्या जरा वर. बाजारच्या मावळ्याएवढंच. पायाखाली तीन सेंटिमीटरची पट्टी कोरी ठेवायला लावली, ती आटून सव्वा सेंटिमीटर झाली आणि मातीत रोवायला खुंटीसारखी उपयोगी पडली. ही कल्पना सातवीतल्या एका मुलीची, माझी नाही. कीचेन करायचं असेल तर भोक आधीच पाडा, कागदाच्या पंचाने. नंतर पाडायला ड्रिल लागतं.

गुळगुळीत शीटवर रंगीत पेन्सिल चालत नाही. जपानी शीट गुळगुळीत होत्या, त्या ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने उभ्या आणि आडव्या, दोन्ही दिशांनी घासाव्या लागल्या. एकाच दिशेने घासल्या तर आटल्यावर रेघा दिसतात. तेलखडू वापरू नका, वितळतो. पर्मनंट मार्कर उत्तम. आणि रंग निम्म्याने फिका द्या, कारण तेवढाच रंग लहान जागेत येतो आणि गडद होतो. हे मी सांगितलं होतं. तरी पाचवीतल्या एका पठ्ठ्याने गालांना मनसोक्त गुलाबी रंग दिला आणि त्याचा मावळा उन्हात चार लढाया लढून आल्यासारखा विटकरी निघाला. त्याला तोच आवडला.

कापणं मोठ्यांनी करावं. आटण्याआधी ही शीट ठिसूळ असते, कात्री आतल्या कोपऱ्यात वळवली की तडा जातो. कोपरे गोल ठेवा, नाहीतर आटून जाड झालेलं टोक बोटात घुसतं. सगळ्यात वाईट झाले भाले. चित्रातच काढलेला लांब बारीक भाला ओव्हनमध्ये जिलबीसारखा वळला आणि स्वतःला चिकटून बसला. अशी दोन मुलांची चित्रं गेली. त्यांना सांगायला मीच गेले, एक रडला. दोघांनी पुन्हा काढलं. बाकीचे भाले आम्ही चित्रातून कापून टाकले आणि नंतर खराट्याच्या काड्या चिकटवल्या.

भाजणी २६ ऑक्टोबरच्या शनिवारी. एका वेळी दोन, बटर पेपरवर, खाली चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून, म्हणजे वळलेली टोकं एकमेकांना चिकटत नाहीत. सपाट झाल्यावर दहा सेकंद थांबायचं, काढायचं, वर बटर पेपर ठेवून पालथ्या पोळपाटाने दाबायचं. पाच-सहा सेकंदांतच ते दगड होतं, तेव्हा पोळपाट आधीच हातात हवा. आमचा तडा गेलेला जुना पोळपाट होता, तो या कामी आला. सकाळी अकराला सुरुवात केली, दुपारी तीनला बाविसावा निघाला. मधे आईने फराळाला गॅस हवा म्हणून दोनदा हाकललं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी मावळे रोवले. संजीवनी माचीवर नऊ, सुवेळेवर सहा, पद्मावतीवर सात. बालेकिल्ल्यावर जाण्यासाठी भांडणं झाली, म्हणून तो फक्त महाराजांसाठी ठेवला. वसुबारसेला संध्याकाळी पणत्या लावल्या तेव्हा पहिला प्रश्न आला तो वॉचमनदादांचा : "माझा का नाही काढला?" जपानी शीट शिल्लक होत्या. पाडव्याला दरवाजावर तेविसावा उभा राहिला, मिशीसकट.

पीव्हीसी, ओएचपी, फ्रेमची शीट, दुसऱ्या वेळच्या दहा शीट, कस्टम्स आणि किरकोळ धरून दोन हजारांच्या वर गेले. त्यातले खरे लागले ५८०. सोसायटीकडून मी तेवढेच घेतले.

नोव्हेंबरच्या मध्यावर, तुळशीचं लग्न झालं आणि पोरं आपापले मावळे धुऊन घरी घेऊन गेली, त्या आठवड्यात बँकेत फोन आला. "ताई, सहा नंबर आलाय. बंद पडलेल्या बेकरीचा माल आहे, झाकणं. किती देऊ?" मी दोन झाकणं आणली, एकाच्या मधला सपाट भाग १० बाय १० कापला, बाण काढला आणि ओटीजी लावला. बाणाच्या दिशेने ४.१, आडवा ५.६. यातले मावळे जरा अंगाने भरतील. काकांना सांगून शंभर झाकणं बाजूला ठेवायला लावली आहेत.